वेणूचा निरोप

येरळा नदीच्या काठी हिंगणवाडी नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाखाली नदीत उतरणारा दगडी घाट आणि घाटाच्या माथ्यावर महादेवाचे देऊळ. श्री अच्युतनाथ महाराज पायी फिरत फिरत या गावी आले ते माघ महिन्यात, आणि देवळाच्या ओवरीत उतरले. अंगावर एक घोंगडी आणि हातात तांब्या, एवढाच त्यांचा संसार. महाराज बोलत फार थोडे. दर्शनाला आलेल्या माणसाजवळ त्याच्या गुरावासरांची, पडक्या भिंतीची चौकशी करत आणि मग गप्प बसत. लोकांना वाटे, हे कसले महाराज? ना प्रवचन, ना अंगारा! पण त्यांच्यापाशी बसून आलेला माणूस घरी जाऊन शांत झोपतो, एवढे मात्र हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आले.

आणि त्या वर्षी झोप ही गोष्ट गावातून उठूनच गेली होती. दिवाळीच्या आधी मानमोडीचा ताप आला आणि घरटी एक तरी माणूस घेऊन गेला. सकाळी अंगणात सडा घालणारी बाई दुसऱ्या दिवशी तिरडीवर दिसे. खांदा द्यायला माणसे मिळेनात. आसपासच्या गावांनी वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून वाटा बंद केल्या. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही.

याच गावात अंबू कासारीण राहत होती. नवरा नारोबा तालुक्याहून बांगड्यांच्या माळा आणी आणि अंबू त्या गावभरच्या लेकीसुनांच्या हातांत भरी. तिच्या बोटांत मोठी कला होती. कितीही आडमुठा हात असो, ती तो असा चोळून मऊ करी की बांगडी कधी चढली ते कळतही नसे. तिला एकच मुलगी, वेणू. ती चार कोसांवर नागझरीला दिली होती. त्या आश्विनात वेणूला सातवा महिना लागला होता. "आये, डोहाळजेवणाला मोरपंखी बांगड्या आण, तूच भर, दुसऱ्या कुणाकडनं मी भरून घ्यायची न्हाई," असा तिचा निरोप आला होता. अंबूने माळेतली एकेक बांगडी निवडून फडक्यात बांधली आणि निघणार तोच नागझरीहून दुसरा निरोप आला. वेणूला ताप चढला होता.

अंबू धावत गेली. नागझरीच्या वेशीवर काट्यांचे कुंपण होते आणि पलीकडे काठ्या घेतलेली माणसे. तिने हात जोडले, पदर पसरला. "नुसतं तोंड बघू द्या रं माझ्या लेकीचं!" म्हणून ती दिवसभर ओरडत राहिली. काट्यांतून घुसायला गेली तेव्हा तिला ओढून बाजूला केले. त्या माणसांच्याही घरात मढी होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना कुंपणाच्या पलीकडून कोणी तरी सांगितले, "मावशी, आता जा तुम्ही. तुमची वेणू गेली." ओढ्याच्या अंगाला धूर दिसत होता. त्या दिवशी त्या गावात पाच चिता जळत होत्या. त्यातली आपल्या लेकीची कोणती, तेही अंबूला कळले नाही.

तेव्हापासून अंबूच्या जिवाला थारा नव्हता. भाकरी थापता थापता ती उठे आणि दारात जाऊन उभी राही. चुलीवरचे तसेच करपे. सकाळी उठली की मोरपंखी बांगड्यांचे फडके छातीशी धरून पाणंदीने निघे, टेकाडावर चढे, तेथून नागझरीची झाडे दिसत, ती बघे आणि परत फिरे. घरी येऊन घोटभर पाणी पिई आणि पुन्हा निघे. दिवसातून तीन तीन खेपा. नारोबा म्हणे, "अगं, जरा बूड टेक की." ती म्हणे, "टेकते," आणि उभीच राही. तिला रडूही येत नव्हते. रडायला माणसाला बसावे लागते, आणि तिला बसणेच जमत नव्हते. वाटेत एखादी माहेरवाशीण दिसली की ती तिचा हात धरी, उलटसुलट करून बघे आणि सोडून देई. पोरी घाबरू लागल्या. आया आपल्या पोरींना आत बोलावू लागल्या.

गावात त्रिंबकशास्त्री म्हणून मोठे विद्वान गृहस्थ होते. दुपारी देवळाच्या सभामंडपात ते पोथी सांगत. त्यांच्या घरीही साथीने घाला घातला होता. त्यांची पत्नी द्वारकाबाई तीन दिवसांच्या तापात गेली होती. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांतून तेव्हा टिपूस आले नाही. चौदाव्या दिवशी ते पोथीवर येऊन बसले आणि आदल्या महिन्यात जेथे दोरा ठेवला होता तेथून पुढे वाचू लागले. "काय हा धीर! ज्ञान असावं तर असं!" असे लोक म्हणाले. ते शास्त्रीबुवांच्या कानी गेले आणि त्यांच्या मनात घर करून बसले. त्या दिवसापासून त्यांच्या पोथीत शोक करणाऱ्याची धडगत नसे.

एकदा पोथी चालू असताना अंबू देवळासमोरून लगबगीने चालली होती. शास्त्रीबुवा वाचता वाचता थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "काय अंबू, निघालीस? यमलोकाची वाट आपल्या पाणंदीतूनच जाते वाटतं! जरा मलाही दाखव हो, एवढं शास्त्र वाचलं पण ती काही सापडली नाही."

सभामंडपात हशा पिकला. अंबू थबकली. "न्हाई जी," ती म्हणाली, "लेकीच्या बांगड्या ऱ्हायल्यात भरायच्या."

"गेलेल्या पोरीला बांगड्या! बघा, याला म्हणतात मोह. देह जळाला, राख झाली, आणि ही बाई हात शोधते आहे."

अंबूला यातले काही समजले नाही. लोक हसले एवढे मात्र समजले. ती मान खाली घालून पुढे निघाली.

शेवटी नारोबाने तिला हाताला धरून महाराजांसमोर आणले. "महाराज, पाच महिनं झालं, ही जागेवर बसंना. तेवढं हिला बसवा. दुसरं काय मागत न्हाई."

महाराजांनी अंबूकडे पाहिले. तिचे पाय उभ्या जागी चुळबुळ करत होते. महाराज घोंगडी सावरून उठले. "बसायलाच कशाला हवं? चल माय, मलाही जरा चालायचं आहे."

आणि काय सांगावे! त्या दिवसापासून रोज सकाळी महाराज अंबूबरोबर पाणंदीने चालू लागले. ती पुढे, महाराज चार पावले मागे. टेकाडावर ती उभी राही तेव्हा महाराजही उभे राहत. ती फिरली की तेही फिरत. उपदेशाचा एक शब्द नाही. 'रडू नको' नाही आणि 'रड' असेही नाही. तिच्या तीन खेपा झाल्या तर महाराजांच्याही तीन. पाय फुटले तरी महाराज चालतच राहिले.

त्रिंबकशास्त्र्यांना आयताच विषय मिळाला. "एक वेडी होती, आता दोन झाले," ते म्हणाले. "संत म्हणवतात आणि कासारणीच्या मागे मागे रानोमाळ फिरतात! चार शब्द ज्ञानाचे असते तर सांगितले नसते का?"

आठव्या दिवशी टेकाडावर महाराजांनी पहिल्यांदा विचारले, "माय, फडक्यात काय आहे?"

अंबूने फडके सोडून दाखवले. उन्हात बांगड्या मोराच्या पिसासारख्या चमकल्या.

"कुणाच्या मापाच्या?"

"वेणूच्या. लई बारीक हात हाय तिचा. गावात या मापाचं दुसरं कुणी न्हाई." एवढे बोलून ती भराभर सांगत सुटली, वेणूला कोणते रंग आवडतात, ती बांगड्या भरताना कशी डोळे मिटून घेते, तिच्या हाताला घाम कसा येतो. पाच महिन्यांत ती एवढे बोलली नव्हती. महाराजांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "नीट बांधून ठेव. लागतील."

फाल्गुनात शास्त्रीबुवांच्या मुलीचे, कावेरीचे, लग्न निघाले. चुडा भरायला गावात कासारीण एकच. नारोबाला धाकधूक वाटत होती. "तू नगं जाऊस. मी तालुक्याहून कुणाला तरी आणतो," तो म्हणाला. पण अंबूला वाटले, हाताला काम लागले तर जीव थाऱ्यावर येईल. पेटी घेऊन ती शास्त्रीबुवांच्या ओसरीवर गेली. आळीतल्या बायका जमल्या होत्या. कावेरी पाटावर बसली आणि तिने डावा हात पुढे केला.

त्या मुलीचा हात लहान होता. अंबूने तो हातात घेतला, चोळला, पहिली बांगडी चढवली, दुसरी चढवली. कावेरीने डोळे मिटून घेतले. का, ते तिलाच ठाऊक. आईवाचून चुडा भरायला बसलेल्या मुलीच्या मनात काय नसेल! पण ते मिटलेले डोळे पाहिले आणि अंबूचे भान सुटले. ओसरी दिसेना, बायका दिसेनात. "वेणू," ती म्हणाली, "आता न्हाई सोडायची तुला." आणि तिने तो हात दोन्ही मुठींत गच्च आवळला.

"अंबूबाई, दुखतंय," कावेरी कळवळली. "अंबूबाई, सोडा!"

बायका ओढू लागल्या तशी मूठ अधिकच आवळली. बांगड्या कडाकडा फुटल्या. नवरीच्या मनगटातून रक्त आले आणि पिवळ्या साडीवर ठिबकले.

शास्त्रीबुवा आतून धावत आले. लग्नाच्या मुलीचा चुडा फुटलेला, रक्त सांडलेले! त्यांनी अंबूला दंडाला धरून ओसरीखाली लोटले आणि बांगड्यांची पेटी उचलून अंगणात भिरकावली. हिरव्या काचांचा सडा पडला. "वेडे! माझ्या घरात अपशकुन करतेस?" ते ओरडले. "गावानं फार लाड केले तुझे. उद्या सकाळी देवळापाशी सगळ्यांना जमवतो. हिला हिच्या माहेरी नेऊन घाला, नाही तर कुठं घाला, पण या शिवेच्या आत ही नको!"

कावेरी रडत बापाला म्हणत होती, "नाना, त्यांनी मुद्दाम नाही केलं हो." तिचे कोणी ऐकले नाही.

अंबू काचांतून अनवाणी चालत सुटली. पायांना काच लागल्याचे तिला कळलेही नाही. आपल्या हातून नवरीचे रक्त निघाले! ज्या बोटांना गाव वाखाणत होते, त्या बोटांनी! घरी जाऊन तिने मोरपंखी बांगड्यांचे फडके उचलले आणि घाट उतरून ती नदीत शिरली. फाल्गुनातली येरळा म्हणजे घोटाभर पाणी, पण देवळाखाली एक डोह होता, तो बारमाही खोल. सूर्य मावळतीला टेकला होता. पाणी गुडघ्यापर्यंत आले, मांडीपर्यंत आले, कमरेला लागले. फडके तिने अजून छातीशीच धरले होते.

"माय," मागून शांत आवाज आला, "बांगड्या भिजतील."

महाराज घाटाच्या खालच्या पायरीवर बसले होते. जणू तिचीच वाट बघत होते.

"भिजू द्या!" अंबू ओरडली. "कुणाला भरू आता? कुणाला?"

"वेणूला. उद्या सकाळी. ती केव्हाची ताटकळली आहे."

अंबू वळली. महाराजांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. पाच महिन्यांत कोणी तिला वेणू आहे असे म्हटले नव्हते, की नाही असेही तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटले नव्हते. तिने फडके डोक्याच्या वर धरले आणि एक एक पाऊल टाकत ती पाण्याबाहेर आली. महाराजांनी आपली घोंगडी तिच्या ओल्या अंगावर टाकली आणि तिला घरापर्यंत पोहोचवले.

दुसऱ्या दिवशी उन्हे अंगणात आली तेव्हा देवळापुढे सारा गाव लोटला होता. पाटील होते, आळीतल्या बायका होत्या, मनगटाला चिंधी बांधलेली कावेरीही बापाच्या नजरेआड एका खांबामागे येऊन उभी होती. शास्त्रीबुवा बोलायला उभे राहणार, एवढ्यात महाराज अंबूला घेऊन ओवरीतून बाहेर आले. देवळाच्या पायरीवर त्यांनी घोंगडी अंथरली.

"आधी एक काम राहिलंय ते होऊ द्या," महाराज म्हणाले. "मग तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा. माय, बस. लेक आली आहे."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. शास्त्रीबुवा मोठ्याने हसले. "महाराज, कुठं आहे लेक? आम्हालाही दर्शन होऊ द्या! वाऱ्याला बांगड्या भरणार की काय? दगडावर पडून खळकन् फुटतील, तेवढाच पोराटोरांचा खेळ."

"शास्त्रीबुवा, तुम्ही असे जवळ या," महाराज शांतपणे म्हणाले. "अगदी शेजारी उभे राहा. पडली तर तुम्हीच उचला."

शास्त्रीबुवा खरोखरच येऊन पायरीशी उभे राहिले.

अंबू पायरीशी येऊन घुटमळली. बसू की नको, बसू की नको, असे तिचे चालले होते. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती खाली बसली. तिने फडके सोडले. मग सवयीने डावा हात पुढे केला, भरून घेणारीचा हात हातात घ्यायला करतात तसा.

आणि तिच्या तळव्यावर एक हात आला!

तो कोणाला दिसला नाही. अंबूलाही दिसला नाही. पण कासारणीला डोळे कशाला हवेत? लहानपणी चिंचेवरून पडल्यामुळे जराशी वाकडी राहिलेली ती करंगळी, अंगठ्याच्या मुळाशी वर आलेले ते हाड, आणि तो घाम! बांगड्या भरताना येणारा तो ओलसर, ऊन घाम! अंबूच्या तोंडून श्वास निसटला. "आलीस व्हय गं," ती म्हणाली. "आलीस व्हय."

तिने तो हात चोळायला घेतला. बघणाऱ्यांना दिसत होती फक्त तिची बोटे, हवेत हळुवार फिरणारी. कोणी हसले, पण ते हसू मध्येच विझले. कारण अंबूने पहिली बांगडी उचलली, बोटांवरून पुढे सरकवली, आणि ती सोडली. बांगडी पडली नाही. दगडावर आवाज झाला नाही. ती होती आणि मग नव्हती.

दुसरी बांगडी. तिसरी. त्रिंबकशास्त्री वाकून पाहू लागले. त्यांनी पायरीवर हात फिरवला, घोंगडीखाली चाचपले. काच नव्हती. चौथी बांगडी त्यांच्या डोळ्यांदेखत, वितीवरून नाहीशी झाली. शास्त्रीबुवांच्या कपाळावर घाम आला आणि ते गुडघ्यांवर बसले. एक एक करून दोन्ही हात भरून झाले आणि फडके रिकामे झाले.

मग सगळ्यांनी एक आवाज ऐकला. त्या दिवशी तेथे असलेली माणसे म्हातारी झाली तरी त्या आवाजाबद्दल सांगत. बांगड्या भरून झाल्या की लेकीबाळी कासारणीच्या पाया पडतात, अशी रीत आहे. अंबूच्या पायांशी, काच लागून फुटलेल्या त्या पायांशी, भरल्या हातांची किणकिण झाली. नवीन बांगड्यांची, एकमेकींवर आदळणारी, अगदी स्पष्ट किणकिण.

अंबूने ते हात पायांवरून उचलून घेतले आणि घट्ट धरले.

"माय," महाराज हळूच म्हणाले, "भरून झाल्या."

"व्हय."

"आता हात सोडायचा."

अंबूने मान हलवली. मूठ आवळली जाऊ लागली. "न्हाई. एकदा सोडला. काट्याच्या पल्याड सोडला. आता न्हाई."

महाराज तिच्या शेजारी, जमिनीवर बसले. "माय, त्या काट्यांच्या अलीकडे तू उभी होतीस, आणि पलीकडे तीही उभी राहिली. आई भेटल्याशिवाय, आईनं निरोप दिल्याशिवाय लेक कशी जाईल? पाच महिने तू येरझाऱ्या घालते आहेस, तशीच तीही घालते आहे. दमली आहे गं पोर. पोटात बाळ घेऊन किती चालवशील तिला?"

अंबूच्या चेहऱ्यावर कोणी तरी घाव घातल्यासारखे झाले. लेकीला आपण चालवत होतो हे तिच्या स्वप्नातही नव्हते. ती त्या न दिसणाऱ्या हातांकडे बघत राहिली. तिचे ओठ हलू लागले. लेक सासरी निघाली की आपल्याकडे आई 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणते. अंबूच्या तोंडीही तोच शब्द आला होता. तो तिने गिळला. महाराजांकडे एकदा पाहिले. महाराजांचेही डोळे भरून आले होते.

"जा बाय," अंबू म्हणाली. "दमलीस. आता जा. बाळाला संभाळ." आणि तिने एक एक बोट उघडले. आधी करंगळी, मग दुसरे, मग तिसरे. शेवटचे बोट उघडताना तिने डोळे मिटले होते.

घाटावरून वारा आला. किणकिण एकदा ऐकू आली, मग जरा लांबून, मग नाही.

तेव्हा अंबू रडली! पाच महिन्यांचे रडणे होते ते. पायरीवर आडवी होऊन, दगडाला कपाळ लावून, लहान पोरासारखी हंबरडा फोडून ती रडली. नारोबा तिच्याजवळ येऊन बसला आणि तोही रडू लागला. आळीतल्या बायकांनी पदर तोंडात घातले. प्रत्येकीच्या घरातले कोणी ना कोणी असेच, निरोपावाचून गेले होते. तो सारा गाव देवळाच्या अंगणात रडत होता आणि महाराज कोणालाही 'पुरे' म्हणत नव्हते.

एकटे त्रिंबकशास्त्री गुडघ्यांवर तसेच बसून होते. हात पायरीवरच फिरत होते, जणू अजून एखादी बांगडी सापडेल. "हे कसं झालं," ते पुटपुटत होते, "हे कशात सांगितलंय..."

खांबामागून कावेरी पुढे आली. "नाना," ती म्हणाली. "नाना, आईला जाऊन पाच महिने झाले. घरात तिचं नाव काढायचं नाही म्हणालात, मी काढलं नाही. तिची लुगडी तुम्ही देऊन टाकलीत, मी गप्प राहिले. काल चुडा भरताना मी डोळे मिटून तिलाच आठवत होते. परवा मी या घरातून जाणार. मग तिच्यासाठी रडायला मी कुठं जाऊ?"

शास्त्रीबुवांनी मुलीकडे पाहिले. श्लोक किती तरी पाठ होते, पण त्यांतला एकही ओठांवर आला नाही. त्यांनी महाराजांकडे वळून हात जोडले. आवाज ओळखू येईना इतका बदलला होता. "महाराज, ती जाताना मला हाका मारत होती. मी देवघरात जप करत बसलो. म्हटलं, उठलो तर धीर सुटेल. मी गेलोच नाही. मला एकदा, एकदाच तिचा हात..."

"तो हात आता यायचा नाही, शास्त्रीबुवा," महाराज म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "द्वारकाबाई वाटेत थांबलेल्या नाहीत. त्यांनी तुम्हाला त्याच दिवशी क्षमा केली आणि गेल्या. ओळखत होत्या त्या तुम्हाला. अडकला आहात ते तुम्ही. आणि ही पोर. तिचा हात तर समोर आहे ना?"

शास्त्रीबुवांनी मुलीचा हात धरला. चिंधीवर रक्ताचा वाळलेला डाग होता. त्या काळी पुरुष बायकोचे नाव चारचौघांत घेत नसत, आणि या पुरुषाने तर घरातही बंदी केली होती. पण सगळ्या गावासमोर, देवळाच्या पायरीशी, त्यांनी हाक मारली.

"द्वारके!"

आणि पुन्हा, "अगं द्वारके!"

कावेरीने बापाचे डोके पोटाशी धरले. धीराचा तो डोंगर बघता बघता कोसळला. अहाहा! केवढे ते रडणे, आणि केवढे ते मोकळे होणे!

बऱ्याच वेळाने ते शांत झाले. डोक्यावरची पगडी काढून त्यांनी जमिनीवर ठेवली आणि महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी काय केलं? मी नुसता चाललो. हात सोडला तो त्या माउलीनं."

अंबू तोवर उठून बसली होती. चेहरा सुजला होता, पण अंगाची चुळबुळ थांबली होती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती अशी स्वस्थ, मांडी घालून बसलेली गावाने पाहिली. शास्त्रीबुवा गुडघ्यांवरच तिच्यापुढे सरकले. "अंबूबाई," त्यांनी तिला पहिल्यांदाच असे संबोधले, "मी हसलो तुम्हाला. तुमची पेटी फेकली. माझ्या मुलीचा चुडा दुसऱ्या कुणाच्या हातून भरायचा नाही. याल ना?"

"येईन की जी," अंबू म्हणाली. "माझ्यामुळं रगत आलं लेकराला. मला मापी करा."

तेव्हा त्रिंबकशास्त्र्यांनी साऱ्या हिंगणवाडीदेखत त्या कासारणीच्या फुटलेल्या पायांवर आपले मस्तक ठेवले, आणि ती कितीही "नगा, नगा" म्हणाली तरी बराच वेळ ते उचलले नाही.